डाव्या मागच्या चाकाची हवा

खोर फक्कान

स्टॉक या शब्दाशी माझा जन्माचा संबंध. नगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं नोकरी केली आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत रजिस्टर मांडीवर घेऊन पुस्तकांची स्टॉक तपासणी केली. त्यामुळे माझा धाकटा भाऊ दिलीप फोनवर म्हणाला की त्याची मुलगी मृण्मयी हल्ली स्टॉक कारच्या नादी लागली आहे, तेव्हा मला वाटलं, पोरगी कुठल्यातरी गाड्यांच्या गोदामात मालाची मोजदाद करत असेल. त्यात काळजी करण्यासारखं काय आहे ते मला कळेना. मी तसं म्हटलंही. दिलीप म्हणाला, "ताई, तू ये. इथे आल्यावर सांगतो."

जानेवारीत गेले. दिलीप सत्तावीस वर्षं अमिरातीत आहे, त्यातली शेवटची चौदा खोर फक्कानला, तिथल्या कंटेनर बंदरात एका शिपिंग ऑफिसात. त्याच्या घराच्या एका खिडकीतून समुद्र आणि बंदराच्या क्रेन दिसतात, दुसऱ्या खिडकीतून डोंगर. डोंगर भाजलेल्या विटेच्या रंगाचे आणि इतके उघडे, की मला त्यांच्याकडे टक लावून बघायला संकोच वाटायचा. आपल्याकडचा अगदी वैशाखातला डोंगरही कुठे एखादी करवंदीची जाळी धरून असतो. इथे नुसते दगड. पण संध्याकाळी त्यांच्यावर असा काही जांभळा रंग चढतो की चहा हातात तसाच निवून जातो.

दुसऱ्या दिवशी दिलीपने सांगितलं. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते त्याच जातीची गाडी. तिच्या आतल्या सीटा, गालिचे, सगळं काढून टाकतात, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात आणि ती शर्यतीत पळवतात. मृण्मयी तसल्या एका छोट्या टीमबरोबर काम करते. तिने मेकॅनिकल इंजिनियरिंग केलं आहे, वय चोवीस, दुबईच्या एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे आणि त्याला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. पण तिला त्या टीमच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्येच कायमची नोकरी धरायची आहे.

"म्हणजे ती गाडी चालवते?" मी विचारलं.

"नाही."

"मग दुरुस्त करते?"

"तेही नाही. कॉम्प्युटरवर काहीतरी बघत बसते." दिलीपला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. दोन वर्षांत तो एकदाही बघायला गेला नव्हता. अर्चना वहिनी म्हणाल्या की बापलेकीत या विषयावर बोलणंच होत नाही. बोलायला गेलं की मृण्मयी इंग्रजीत शिरते आणि हे बाल्कनीत जाऊन उभे राहतात. त्या शनिवार-रविवारी शर्यत होती आणि मृण्मयीने मला बोलावलं होतं, आतला पास काढून. दिलीपचं म्हणणं एवढंच, की मी जावं, बघावं आणि परत येईपर्यंत तिला समजवावं. तुझं ती ऐकते, असंही तो म्हणाला. मी हो म्हटलं. कशाला हो म्हणतेय याचा मला पत्ता नव्हता.

मुसफ्फा, शुक्रवार

पहाटे मृण्मयी मला घ्यायला आली. डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून रस्ता जातो. एक संपून डोळे उजेडाला सरावतात तोवर दुसरा सुरू. मग डोंगर मागे पडतात आणि वाळू लागते. तिने वाटेत एका टपरीपुढे गाडी उभी करून नुसता हॉर्न वाजवला, एक माणूस धावत आला आणि खिडकीतून कागदी पेल्यात करक देऊन गेला. करक म्हणजे आपला कडक चहा, वेलदोडा घालून आटवलेला. गाडीतून न उतरता चहा प्यायची ही तिथली रीत मला आवडलीही आणि आळशीपणाचीही वाटली.

मुसफ्फा म्हणजे अबुधाबीचा एमआयडीसी. पत्र्याच्या शेडमागून शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, कामगारांना आणणाऱ्या बसगाड्यांची रांग. त्यातल्या एका शेडमध्ये, अगदी लख्ख फरशीवर, ती निळी गाडी उभी होती. बाहेरून आपल्या शेजाऱ्यांकडे असते तशीच. आत डोकावले तर एकच खुर्ची, आणि बाकी नुसतं पोकळ लोखंड. गाडीचं कोणीतरी ऑपरेशन करून पोट शिवायला विसरलंय असं वाटलं.

तिथे मला दोन माणसं भेटली. मेकॅनिक शाजी, केरळचा, पन्नाशीचा, वीस वर्षं मुसफ्फात काढलेला. आणि रशीद, टीमचे मालक आणि ड्रायव्हरही तेच. त्यांचा एसीच्या पत्र्याच्या नळ्या बनवायचा कारखाना आहे. शर्यत ही हौस. पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे तिथला पायघोळ अंगरखा, घातलेले, पंचावन्नच्या आसपासचे, शांत गृहस्थ. आयुष्यभर भारतीय कामगारांबरोबर काम केल्याने ते त्यांच्या पद्धतीचं हिंदी बोलत. मला त्यांनी पहिल्या मिनिटाला 'मम्मा' करून टाकलं आणि खजूर पुढे केले. मी त्यांच्यापेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठी असेन. पण त्या हाकेत मान होता, त्यामुळे मी ती घेतली.

सगळे सारखे "माया कुठे आहे", "मायाला विचारा" म्हणत होते. मी बराच वेळ या मायाबाईंची वाट पाहिली. शेवटी लक्षात आलं की मृण्मयी या नावाचा उच्चार जमेना म्हणून त्यांनी माझ्या भाचीचंच नाव बदललं आहे. दिलीपने पत्रिका बघून, तीन नावांतून निवडून ठेवलेलं नाव. मी तिला विचारलं, तुला चालतं? ती म्हणाली, "इट्स फाइन, आत्या. रेडिओवर शॉर्ट नावच लागतं."

दुपारी ट्रॅकवर गेलो. ट्रॅक शहराबाहेर, वाळूत, आणि गेटवरच माझं अडलं. गाड्या जिथे थांबतात त्या गल्लीला पिट लेन म्हणतात. तिथे मोकळं कापड आणि उघडी चप्पल चालत नाही. माझ्या अंगावर साडी आणि पायात सँडल. मी पदर खोचून दाखवला, पिन लावून दाखवली. तिथली मार्शल बाई, फिलिपिनो, फार गोड हसली आणि मान हलवत राहिली. अखेर शाजीने आपला जादा ओव्हरऑल दिला आणि मृण्मयीने तिचे बूट, दोन जोड मोज्यांसकट. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली, आणि तीही छातीवर 'शाजी' लिहिलेली. त्या तीन दिवसांत अनोळखी माणसं मला शाजी म्हणत होती. शेजारच्या टीमच्या एका गोऱ्या पाहुण्याने तर मला गंभीरपणे विचारलं की या उन्हात टायर टिकतील का. मी म्हटलं, बघू या. त्याने विचारपूर्वक मान डोलावली.

त्या दुपारी सराव होता. माझ्या कानावर मोठे हेडफोन चढवले गेले. त्यांतून रशीद आणि मृण्मयी यांचं बोलणं ऐकू येत होतं. गॅरेजच्या एका कोपऱ्यात मृण्मयी तीन पडद्यांसमोर बसली होती आणि पडद्यांवर रंगीत रेघा सरकत होत्या, आजारी माणसाच्या उशाशी असतात तशा. गाडी समोरून गेली की आधी छातीत काहीतरी हादरायचं आणि मग आवाज यायचा. तेवढ्यात मृण्मयी एकदम सरळ झाली आणि रेडिओवर "बॉक्स, बॉक्स" म्हणाली. मी खोकं शोधू लागले. शाजीने हाताने खूण करून सांगितलं की याचा अर्थ गाडी आत आण.

गाडी आली. मृण्मयीला डाव्या मागच्या चाकातली हवा कमी होताना दिसली होती. शाजीने चाक काढलं, फिरवून पाहिलं, साबणाचं पाणी लावून पाहिलं. काही नव्हतं. तो म्हणाला की चाकातल्या सेन्सरची बॅटरी मरत आली असेल. नवा सेन्सर आठवड्याशिवाय मिळणार नाही. रशीद हसले आणि म्हणाले, "माया, मेरा पंधरा मिनिट गया." रागाने नाही म्हणाले. पण शेजारच्या गॅरेजमधलेही दोघे हसले, आणि मृण्मयीचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मी मनात म्हटलं, आता समजवायला सोपं जाईल. असा विचार मी केला हे इथे लिहून ठेवते.

ट्रॅक, शनिवार

शनिवारी प्रत्येक गाडी एकेक करून जोरात पळाली आणि सगळ्यांच्या वेळा लिहिल्या गेल्या. रशीद चौथे आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि रशीद हेल्मेट काढत असताना पुढे होऊन मी त्यांचं अभिनंदन केलं. म्हटलं, चौथा नंबर म्हणजे काही कमी नाही, पुढच्या वेळी बघा. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मृण्मयीने मला बाजूला घेऊन सांगितलं की शर्यत अजून झालेलीच नाही. उद्या कोणी कुठल्या रांगेत उभं राहायचं, ते ठरवण्यासाठी हे होतं. मी रशीद यांची माफी मागितली. ते म्हणाले, त्यांच्या बायकोला वीस वर्षांनीही हे कळलेलं नाही.

जेवण त्यांच्या घरून आलं. गॅरेजच्या मागे प्लॅस्टिकची पथारी अंथरली आणि मध्ये भलंमोठं ताट ठेवलं. मालक, मेकॅनिक, माझी भाची, सगळे एकाच ताटाभोवती मांडी घालून बसले आणि उजव्या हाताने आपापल्या समोरचा भात खाऊ लागले. तिथल्या मसालेभाताला मचबूस म्हणतात. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर रशीद यांच्या आईने माझ्यासाठी वेगळं, बटाटे आणि हरभरे घातलेलं पातेलं पाठवलं होतं. त्यात मला एक काळी सुपारीएवढी वस्तू दिसली. खजुराचा प्रकार समजून मी ती चावली. ते वाळवलेलं लिंबू होतं. कडू, आंबट आणि धुरकट अशा तीन चवी एकदम टाळूला भिडल्या. थुंकावं तर समोर यजमान. गिळावं तर घसा मिटलेला. शाजीने ताकाची बाटली पुढे केली.

जेवताना माझ्या मनात येत होतं की आपल्याकडे कारखान्याचा मालक फिटरबरोबर एका ताटात जेवेल का. लगेच दुसरं मनात आलं, की ताट उचललं गेल्यावर शाजी झोपायला सहा जणांच्या खोलीत जातो आणि रशीद बंगल्यात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांची बेरीज कशी करायची ते मला जमलं नाही.

संध्याकाळी हॉटेलकडे परतताना मी मृण्मयीजवळ विषय काढला. म्हणजे काढणार होते. मी एवढंच विचारलं की तू नेमकं करतेस काय. ती उत्साहाने सांगू लागली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. गाडीत चाळीसएक सेन्सर असतात, प्रत्येक जण काहीतरी सांगत असतो, त्यातलं खरं कोणतं ते ओळखायचं. मी म्हटलं, पण तू गाडीत नसतेस, मग गाडीतल्या माणसाला जास्त कळत नाही का?

"त्याला फील होतं, आत्या. मला दिसतं. दोन्ही दर वेळेला सेम नसतं."

"मग खरं कोणाचं?"

"तोच तर जॉब आहे," ती म्हणाली.

यावर कंपनीच्या नोकरीचा विषय कसा आणावा ते मला सुचलं नाही. उद्या बोलू असं ठरवलं.

रविवार

शर्यत दुपारी चारला होती, अर्ध्या तासाची. एवढ्या छोट्या शर्यतीत कोणी चाक बदलायला आत येत नाही. जो आला तो संपला. हे मला शाजीने दोनदा समजावलं. सुरू व्हायच्या आधी रशीद गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहिले, ओठ हलले, आणि मग आत शिरले. नारळ नाही, हळदकुंकू नाही. पण ते उभं राहणं मला अगदी ओळखीचं वाटलं.

गाड्या निघाल्या त्या नागमोडी चालत. डावीकडे, उजवीकडे, झोकांड्या खात. मला वाटलं सगळ्यांचं काहीतरी बिघडलं आहे. टायर गरम करतात म्हणे. मग एकदम सुटल्या. पहिल्या चार फेऱ्या मी जीव तोडून एका निळ्या गाडीसाठी टाळ्या वाजवल्या आणि नंतर कळलं की ती निळी गाडी दुसऱ्या टीमची. आमची तिच्या मागे होती आणि तिला गाठायचा प्रयत्न करत होती. मग दोन गाड्या एकमेकींवर घासून वाळूत गेल्या, आणि कुठून तरी एक पांढरी गाडी दिवे लुकलुकवत सगळ्यांच्या पुढे आली. सगळ्या मुकाट्याने तिच्या मागे चालू लागल्या. मी शाजीला म्हटलं की ही आता जिंकणार, हिला कोणी ओलांडतच नाही. ती सेफ्टी कार, तो म्हणाला. रस्ता साफ होईपर्यंत सगळ्यांना तिच्यामागे चालावं लागतं. मी यानंतर कोणतंही मत द्यायचं नाही असं ठरवलं.

पांढरी गाडी बाजूला झाली तेव्हा रशीद दुसरे होते. आठ मिनिटं राहिली होती. टीमला आजवर कधी दुसरा नंबर मिळाला नव्हता. शाजी, जो एरवी खांबासारखा उभा असायचा, तो पायाच्या चवड्यांवर उभा होता.

मी मृण्मयीजवळ सरकले होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसला. ती एकाच रेघेकडे बघत होती. शाजीने तिच्या नजरेमागे पाहिलं आणि हेडफोन सरकवून म्हणाला की तोच सेन्सर आहे, डावा मागचा, परवाचाच. सोडून दे. मृण्मयीने रेडिओवर रशीदना विचारलं की गाडी मागून कशी वाटतेय. त्यांचा आवाज आला, एकदम मस्त, मी त्याला पुढच्या फेरीत पकडतो.

ती माझ्याकडे वळली. बोलायचं बटण सोडून, शुद्ध मराठीत, लहानपणी बोलायची तशा आवाजात म्हणाली, "आत्या, मी चुकले तर?"

मी तिला काय सांगणार होते? तीन दिवसांत मला आमची गाडी कोणती तेही ओळखता आलं नव्हतं. मला तिला धीर द्यायचा होता आणि तिच्या बापाला दिलेला शब्दही डोक्यात होता. ती आता चुकली तर सगळा प्रश्न आपोआप सुटणार होता. आणि नाही चुकली तर तो माणूस दोनशेच्या वर वेगाने त्या सरळ रस्त्यावर होता. तोंडातून एवढंच निघालं, "मला काय विचारतेस गं?"

तिने मान हलवली. मला वाटतं तिला उत्तर नकोच होतं. काही सेकंद कोणाच्या तरी तोंडाकडे बघायचं होतं. ती पडद्याकडे वळली आणि म्हणाली, "रशीद, बॉक्स."

रेडिओवर नुसता इंजिनचा आवाज. मग ते म्हणाले, "नो. गाडी अच्छा है."

"बॉक्स, बॉक्स. आय ॲम नॉट आस्किंग."

मी आयुष्यात तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरात कोणीच कोणाशी असं बोलत नाही. शाजीने डोळे मिटून घेतले. गाडी सरळ रस्त्याच्या टोकाला आली, निळी गाडी पुढे निघून गेली, आणि आमची, अगदी शेवटच्या क्षणी, गल्लीत वळली.

पुढचं फार लवकर झालं. चाक निघालं, दुसरं बसलं, गाडी गेली. शाजीने निघालेल्या चाकावर हात फिरवला, मृण्मयीकडे पाहिलं, आणि काही नाही अशी मान हलवली. रशीद अकरावे आले.

ते गाडीतून उतरले, हेल्मेट शाजीच्या हातात दिलं, मला "मम्मा, शुक्रिया" म्हणाले आणि निघून गेले. मृण्मयीकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेजारच्या गॅरेजमध्ये लोक हसत होते, कदाचित आमच्यावर नसतील. मृण्मयी केबल गुंडाळत बसली. प्रत्येक केबल नीट, सारख्या वेटोळ्यात. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि दुसरं टोक धरलं.

तासाभराने शाजी आला. ट्रॅकवरच्या टायरवाल्याने ते टायर रिमवरून उतरवलं होतं. आतल्या बाजूला, जिथे बाहेरून कधीच दिसलं नसतं, बोटाच्या पेराएवढी चीर होती. एकमेकींवर घासून वाळूत गेलेल्या गाड्यांचा एखादा पत्रा लागला असावा. म्हणजे परवा सेन्सर चुकला होता आणि आज बरोबर होता. शाजीने मला ती चीर बोटाने चाचपून बघायला दिली.

मी टायरवाल्याला विचारलं की हे टायर फुटलं असतं का. तो पाकिस्तानी म्हातारा, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं मला बाजी म्हणून, हात पुसत म्हणाला, "बाजी, शायद अगले मोड़ पे. शायद कभी नहीं. ये अल्लाह जाने." मी मृण्मयीला तेच विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. मला हे फार विचित्र वाटलं. इतकं सगळं झालं, आणि ती बरोबर होती की नाही हे जगात कोणालाच कधी कळणार नव्हतं. गाडी उलटली असती तर कळलं असतं.

मुसफ्फा, सोमवार

सकाळी सामान उतरवायला वर्कशॉपवर गेलो. मृण्मयी शेडमध्ये शिरण्याआधी दोन मिनिटं बाहेरच उभी राहिली, फोनकडे बघत. मला वाटलं आता बोलायची वेळ आली. बापाला दिलेला शब्द, कंपनीचं पत्र, सगळं ओठांवर आणलं.

पण रशीद आमच्या आधी येऊन बसले होते. समोर तेच टायर, जमिनीवर. त्यांनी आम्हाला चहा मागवला आणि मला खुर्ची दिली. मग मृण्मयीशी न बोलता माझ्याशी बोलले, जणू घरातल्या मोठ्या माणसाला आधी सांगायला हवं.

"मम्मा, सुनो. मेरेको अभी भी गुस्सा है. रात को भी था, सुबह भी है." त्यांनी छातीवर हात ठेवला. "लेकिन ये फिर बोलेगा बॉक्स, मैं फिर आएगा. खलास."

मी चहा प्यायले. मृण्मयी कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली, लॅपटॉप उघडला आणि दुबईच्या कंपनीला नकाराचं पत्र लिहिलं. पाठवण्यापूर्वी मला वाचून दाखवलं. मी एका ठिकाणचं स्पेलिंग दुरुस्त केलं. भावाने ज्या कामासाठी मला पाठवलं होतं, त्या कामात माझा सहभाग एवढाच.

खोर फक्कान

परतीच्या वाटेवर बोगद्यांचे दिवे एकामागून एक अंगावरून जात होते आणि मी दिलीपला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. एकही वाक्य पुरं होईना. मृण्मयी रेडिओवर गाणी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून तिला भीती वाटतेय की नाही ते कळत नव्हतं.

वहिनींनी थालीपीठं लावली होती. जेवायला बसलो. पहिलं थालीपीठ संपल्यावर मृण्मयीने इंग्रजीत, एका दमात सांगून टाकलं की तिने कंपनीला नकार कळवला आहे. दिलीपने ताट पुढे सरकवलं आणि तो उठला. तो बाल्कनीत जाणार हे मला दिसलं.

"दिलीप, थांब," मी म्हटलं. "मी तिला काही समजावलं नाही. मला जमलं नाही." मग मी सांगत गेले, जसं आठवेल तसं, उलटसुलट. पांढऱ्या गाडीला मी विजेती समजले ते, शुक्रवारची फजिती, दुसरा नंबर, चीर, टायरवाला म्हातारा. वहिनींना मध्येच प्रश्न पडत होते आणि मला उत्तरं येत नव्हती. शेवटी म्हटलं, "ती काय काम करते ते मला अजूनही कळलेलं नाही. पण तो माणूस दुसरा होता, गाडी चांगली चालली होती, आणि हिने एक शब्द उच्चारल्यावर तो आत आला. परत बोलावलं तर परत येईन म्हणतो."

दिलीप उभाच होता, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मृण्मयी ताटातल्या लोण्याकडे बघत होती. बंदरावर कुठल्यातरी जहाजाचा भोंगा झाला. मला वाटलं, मी सगळं बिघडवलं.

मग दिलीपने विचारलं, "कोणता टायर?"

मृण्मयीने मान वर केली. "लेफ्ट रिअर, बाबा."

"आणि बाकीच्या तीन चाकांचं प्रेशर वर जात होतं?"

"हो. तापल्यावर वर जातंच. हे एकच खाली येत होतं, म्हणून तर मला डाउट आला."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. वहिनींनी तव्यावरचं थालीपीठ त्याच्या ताटात टाकलं. ते त्याने पाहिलं नाही. मृण्मयीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक रेघ काढली, तिच्याखाली दुसरी, आणि दोघं त्यावर वाकली. ती इंग्रजीत बोलत होती, तो मराठीत विचारत होता. मी अर्धा तास शेजारी बसून ऐकलं. मला त्यातलं काहीही कळलं नाही.